शून्याच्या खालचा आकडा

"खोटं बोलायचं नाही हं, मालसुन. माझ्या वयाकडे बघून तर मुळीच नाही," चुनवल म्हातारी खालून म्हणाली. "बटण मी दाबलं, की मशीननं आपल्या मनानं केलं? एवढंच सांग."

मालसुन शिडीवर उभी होती. डोक्यावर पॉलिहाउसचं छत, हातात मोटरच्या वायरी आणि दातांत स्क्रू ड्रायव्हर. त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही, हे एका परीने बरंच झालं. 

"सामचून, अजून मोटरच तपासतेय," स्क्रू ड्रायव्हर हातात घेत ती म्हणाली. "मोटर निर्दोष आहे."

"म्हणजे मी दोषी."

"म्हणजे मोटर निर्दोष. बाकी काही म्हटलं का मी?"

 संत्र्यांच्या उलट्या क्रेटवर म्हातारी बसली होती, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. कोरियाच्या या जेजू बेटावर वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की बुवा, नात्याचं असो की नसो, सामचूनच म्हणतात. पण काही सामचून नुसत्या वयाने होतात, आणि काहींना गाव मनापासून तसं म्हणतं. चुनवल दुसऱ्यांपैकी. नवरा गेल्यावर डोंगरउतारावरची ही बाग तिने एकटीने उभी केली होती. डोक्यावर टेंगूळ असलेली ती मोठी गोड संत्री, हल्लाबोंग, तिच्याइतकी सुरेख गावात कुणाची येत नसत, हे तिचे शेजारीसुद्धा कबूल करत. नाखुशीने, पण करत.

आज मात्र छताजवळच्या फांद्यांवरची पानं उकडल्यासारखी काळवंडली होती आणि फळं ओलसर, काचेसारखी दिसत होती. चंद्रनववर्षाच्या सणासाठी ती आता काढायचीच होती.

झालं होतं ते असं. बेटाच्या या दक्षिण अंगाला पारा शून्याखाली जातो तो क्वचित, म्हणून तर इथे संत्री पिकतात. पण काल उत्तरेकडून गारठा आला, आणि चुनवलच्या उतारावर कुत्र्याच्या ताटलीतलं पाणी गोठलं. ती उजाडता उजाडता पॉलिहाउसमध्ये शिरली, तर छताच्या सगळ्या झडपा सताड उघड्या! गारठा आत नुसता ओतत होता. तिने बंद करायचं बटण दाबलं. झडपा अर्ध्यापर्यंत आल्या आणि आपल्या आपण परत उघडल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेवटी तिने पेटीवरचा खटका 'आपोआप'वरून 'हाती'वर फिरवला आणि झडपा पूर्ण मिटेपर्यंत बटण अंगठ्याने धरून ठेवलं.

मग गावप्रमुख मून आला. चांगला माणूस, पण घाईचा. त्याने पेटीकडे पाहिलं. "अहो सामचून, खटका तर 'हाती'वर आहे. तुम्हीच फिरवलात की!" तोवर ऊन वर आलं होतं. खटका परत 'आपोआप'वर केला तर झडपा शहाण्यासारख्या मिटलेल्याच राहिल्या. मशीन ठणठणीत. मूनने मान हलवली आणि सोलला तिच्या मुलाला फोन लावला.

मुलगा, सुंगपिल, मिळालं ते विमान पकडून दुपारपर्यंत आला. तो रागावला नाही, हेच वाईट झालं. आईजवळ उकिडवा बसून तिचा हात हातात घेऊन विचारायला लागला, "आई, नीट आठव बरं. झडपा आधीच उघड्या होत्या, की तू बटण दाबल्यावर उघडल्या?" पहिल्यांदा ती खेकसली. दुसऱ्यांदा तिने सगळं बारकाईने सांगितलं. पुढच्या खेपेला सांगता सांगता ती मधेच थांबली. त्या थांबण्याला तीच सगळ्यात जास्त घाबरली.

आणि शरद ऋतूत तिचा हरवलेला मोबाइल किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, फ्रीजमध्ये सापडला होता. तेव्हा घरभर हशा झाला होता. आज त्या मोबाइलची कुणी आठवण काढली नाही, पण तो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता.

"बू मॅडम, काही सापडलं का?" मालसुनला आडनावाने हाक मारत मूनने दारातून विचारलं. "नाहीतर आपलं लिहून टाका, मनुष्याची चूक. म्हातारपणाला इलाज नाही हो."

"शोधू तर द्या," मालसुन शिडी उतरत म्हणाली. "म्हातारपणाला इलाज नाही तसा घाईलाही नाही."

मालसुन म्हणजे 'शेवटची पोर'. पाचवी मुलगी झाली तेव्हा मुली पुरे झाल्या हे देवांना कळावं म्हणून बापाने हे नाव ठेवलं, आणि पाठोपाठ मुलगा झाल्याने त्या नावाची घरात फार तारीफ झाली. ती शाळा संपताच समुद्र ओलांडून छांगवोनला गेली. तिथे कारखान्यांच्या कंट्रोल पेट्या बनायच्या. आधी वायरी बांधल्या, मग नकाशे वाचायला शिकली, मग संध्याकाळच्या वर्गाला बसून कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहायला. बेटावर परतून स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा लोक दार उघडून तिच्या पाठीमागे बघायचे. "मिस्तरी कधी येणार?" ती म्हणायची, "मिस्तरी गाडीत बसलेत, आणते," आणि हत्यारांची पेटी घेऊन आत यायची. आता तसं कुणी विचारत नाही. उतारावरच्या बऱ्याच पॉलिहाउसांची डोकी तिच्याच हातची होती. हेही त्यातलंच.

म्हणून तिला दोन्ही बाजूंनी टोचत होतं. मशीन निर्दोष निघावं असं कारागिराला वाटतंच. आणि मशीनच गुन्हेगार निघावं असं चुनवलकडे बघून वाटत होतं.

ती बेटावर परतली होती आईसाठी. आई विसरायला लागली होती. पातेली जळायची, चपला तांदळाच्या हंडीत निघायच्या. मालसुन जळकं पातेलं पाठीमागे लपवून म्हणायची, "माझ्याच हातून जळलं गं." आई तिच्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही, पोरी," आणि खाली मान घालून जेवायला लागली. त्या दिवसापासून मालसुनला एक गोष्ट कळली होती. दयेपोटी बोललेलं खोटं म्हाताऱ्या माणसांना लगेच ओळखू येतं, आणि त्यांना त्याच्याशी एकट्याने राहावं लागतं. चुनवलला तसलं काही द्यायचं नाही, हे तिने शिडी चढतानाच ठरवलं होतं.

तिने खटका उघडून पाहिला. बरोबर. वायरी ओढून पाहिल्या. घट्ट. उंदरांनी कुरतडलेलं काही नाही, ओल नाही, गंज नाही. मग क्रेटवर बसून तिने लॅपटॉप कंट्रोलरला जोडला.

सुंगपिल कोमट बार्लीचं पाणी घेऊन आला. हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगू का? मशीन बिघडलेलं निघालं तर मला आनंदच आहे. पण ते निघालं नाही, तर मी आईला घेऊन जाणार आहे. आमच्या इमारतीत खोली बघून ठेवलीय. इथे एकटीला ठेवून मला झोप येत नाही."

"त्यांना विचारलंय?"

"विचारलं की ती बागेत निघून जाते." तो कसनुसा हसला. "तिथे बागच नसेल."

मालसुनने पडद्यावरच्या ओळी वाचायला घेतल्या. आतली हवा तापली तर झडपा उघड. पाऊस आला तर मीट. बाहेरची हवा ठरल्यापेक्षा गरम असली तर उघड. सगळं तिच्याच हाताचं, वर्षानुवर्षं चाललेलं. हिवाळ्यात झडपा उघडायचं काही कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. आज पहाटे बाहेर गरम? कुत्र्याचं पाणी गोठलं असताना?

"सामचून," तिने हाक मारली, "बटण दाबल्यावर झडपा परत उघडल्या म्हणालात. लगेच, की थोडं थांबून?"

चुनवलने मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला आठवतंय का हे न विचारता काय पाहिलं ते विचारत होतं.

"अर्ध्यावर आल्या. तिथे जरा घुटमळल्या. दारात पाहुणा घुटमळतो ना, तशा. आणि मग परत."

"तुमचं बोट बटणावर होतं तेव्हा?"

"नाही, काढलं होतं. बोट काढलं की उलट्या फिरायच्या. म्हणून तर मग दाबून धरलं!"

मालसुन उठून बाहेर गेली. बोट काढताच उलटं फिरणं म्हणजे कुणीतरी आतून 'उघड' म्हणत होतं, सारखं, हट्टाने. बाहेर खांबावर बाहेरच्या हवेचं माप घेणारा सेन्सर होता. पांढरा, नवा कोरा. तिने बसवलेला जुना करड्या रंगाचा होता.

"हा कुणी बदलला?"

"शरदात बदलले सगळ्यांचे," मून म्हणाला. "पुरवठादार कंपनीची माणसं आली होती. जास्त अचूक आहे म्हणाले. चालतोय की उत्तम, तेव्हापासून."

चालत होता खरा. पेटीच्या पडद्यावर आत्ता बाहेर चार अंश होते आणि खांबावरच्या साध्या थर्मामीटरवरही चारच. मालसुन खांबाला हात लावून उभी राहिली. शरदापासून चालतोय. शरदापासून आजपर्यंत इथे पारा शून्याच्या खाली कधी गेला होता? कधीच नाही. आज पहाटे पहिल्यांदा.

आता तिला अंदाज आला. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि आज अंदाजाने भागणार नव्हतं.

"सामचून, फ्रीजमध्ये बर्फ आहे?"

"माशांसाठी ठेवलेला आहे. पिशवीभर."

"आणि किमचीचं जाड मीठ?"

"मिठाचं पोतं आहे," म्हातारी उठत म्हणाली. "किमची करायची ही वेळ आहे का गं?"

मालसुनने सेन्सर खांबावरून उतरवला, तार लागलेलीच ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला. बादलीत बर्फ ओतला, त्यावर ओंजळी ओंजळीने मीठ टाकून काठीने ढवळलं. नुसता बर्फ शून्यावर थांबतो, मीठ त्याला आणखी खाली ओढतं. मग खटका 'आपोआप'वर केला आणि पिशवी बादलीत बुडवली.

"कुणीही पेटीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "सामचून, तुम्ही इथे माझ्याजवळ या. दोन्ही हात खिशात घाला."

चुनवलने रजईच्या जाकिटाच्या खिशांत हात घातले आणि शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली. शेजारी सुंगपिल, मागे मून. पेटीच्या पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. तीन. अडीच. दोन. मून खाकरला. एक. अर्धा. आकडा शून्याशी आला आणि क्षणभर तिथेच रेंगाळला.

मग डोक्यावर मोटर घरघरली.

छताच्या झडपा, एका ओळीत, सावकाश, पार टोकापर्यंत उघडल्या. थंड हवा खाली उतरली आणि पानं सळसळली. पेटीच्या पडद्यावर बाहेरच्या हवेच्या जागी नुसत्या रेघा होत्या. आकडा तिथे मावतच नव्हता.

 चुनवलने खिशांतले हात काढले नाहीत. ती वर बघत होती.

"ते... ते कसं काय?" सुंगपिलने विचारलं.

मालसुनने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तिथे आतला खरा आकडा दिसत होता, साडेसहा हजार अंश! "गाडीचा किलोमीटरचा मीटर असतो ना, जुन्या पद्धतीचा? तो शून्यावरून एक घर मागे फिरवला तर काय दिसेल? उणे एक नाही दिसणार. सगळे नऊच नऊ दिसतील. हे तसंच आहे. जुना सेन्सर उणे आकडा कधी पाठवायचाच नाही, त्याची रीत वेगळी होती. नवा पाठवतो. पण मशीनमध्ये ज्या कप्प्यात तो आकडा पडतो, त्या कप्प्याला उणे ठाऊकच नाही. शून्याच्या खाली जरासं गेलं, की त्याला वाटतं जगातला सगळ्यात मोठा आकडा आला. बाहेर आग लागलीय, झाडं भाजतील, उघड झडपा! सेन्सर खोटं बोलला नाही, कप्प्यानेही आपल्या समजुतीप्रमाणेच वाचलं. दोघांची भाषा जुळली नाही, एवढंच."

"आणि मी?" चुनवलने विचारलं.

मालसुन तिच्याकडे वळली. "सामचून, तुम्ही सांगितलंत त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. घुटमळण्यासकट. झडपा मशीनने उघडल्या. बंद तुम्ही केल्यात. तुम्ही बटण धरून ठेवलं नसतं तर खालची फळंही वाचली नसती."

म्हातारीने नाक ओढलं. मग मुलाकडे वळून, ठसक्यात, "ऐकलंस? अक्षरन् अक्षर!"

"ऐकलं, आई."

"परत ऐक हवं तर. मालसुन, परत सांग त्याला."

सुंगपिल हसायला गेला आणि त्याचे डोळेच भरून आले. मून उगाच बादलीत डोकावून पाहत होता. "मिठाचा परिणाम बघा," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. मालसुनने त्या आकड्यासाठी उणे-अधिक दोन्ही कळणारा कप्पा नेमला, त्याची तुलना करणाऱ्या ओळी बदलल्या, आणि वर एक नवी ओळ घातली: आकडा अशक्य वाटला तर त्यावर विश्वास ठेवू नको, झडपा मिटून भोंगा वाजव. पिशवी पुन्हा बादलीत गेली. एक, शून्य, उणे एक, उणे चार. झडपा हलल्या नाहीत. तिने सेन्सरची तार उपटली तर भोंगा असा केकाटला की मून दचकून क्रेटवर आपटला. चुनवल खदखदून हसली. त्या हसण्यानंतरच मालसुनला आपली पाठ किती अवघडलीय ते जाणवलं.

पण आवराआवर करताना तिचा हात थांबला.

"मून साहेब, हे पांढरे सेन्सर आणखी किती जणांकडे बसवलेत?"

"खालच्या अंगाला जवळजवळ सगळ्यांकडे. पण त्यांच्या झडपा तर..." मून बोलता बोलता थांबला. खालचा भाग समुद्राजवळचा, तिथे आज पारा शून्याला टेकला नव्हता. पण आज रात्री कालच्यापेक्षा कडक थंडीचा इशारा होता.

मालसुनने पुरवठादाराच्या चोई मॅनेजरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बू मॅडम, आपण घरचेच. गाजावाजा नको. एकेकाकडे शांतपणे जाऊन बदलून टाका, पुढच्या आठवड्यात. तुमचं आमचं काम पुढेही चालायचं आहे ना?"

त्या कामावर तिचं अर्धं दुकान चालत होतं. तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे चोईला माहीत होतं.

"थंडीला पुढच्या आठवड्यात यायला सांगता का तुम्ही?" तिने विचारलं, आणि फोन ठेवून दिला.

सगळीकडे प्रोग्रॅम बदलायला तिला दिवस लागले असते. पण खटका तर कुणालाही फिरवता येतो. 'आपोआप'वरून 'हाती'वर करा, झडपा मिटा, बस. प्रश्न एवढाच की अंधार पडायच्या आत सगळ्यांना सांगायचं कसं. मूनने लगेच कंबर कसली. "गावचा भोंगा आहे की! मी सांगतो."

"तू काय सांगणार?" चुनवल म्हणाली. "सकाळी तूच गावभर केलंस ना, म्हातारीनं झडपा उघड्या टाकल्या म्हणून? आता मी बोलणार."

 मूनने गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

गाव सभागृहाच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून एरवी कचऱ्याचे वार आणि श्राद्धाची आमंत्रणं ऐकू यायची. त्या संध्याकाळी आधी कुणीतरी माइकवर फुंकर मारली. मग चुनवलचा आवाज काळ्या दगडी बांधांवरून, बागांवरून, थेट समुद्रापर्यंत गेला.

"ऐकताय ना सगळे? मी वरच्या उतारावरची चुनवल बोलतेय. पहाटे माझ्या झडपा उघड्या राहिल्या, ते तुमच्या कानावर आलंच असेल. ते मी केलेलं नाही. मशीनला शून्याच्या खालचं मोजता येत नव्हतं, म्हणून झालं. आज रात्री ते तुमच्याकडेही होणार आहे. ज्यांच्या खांबावर पांढरी डबी आहे त्यांनी आत्ताच्या आत्ता उठायचं, खटका 'हाती'वर फिरवायचा, झडपा मिटायच्या. टीव्ही नंतर बघा. आणि बू मालसुन येऊन दुरुस्त करून जाईपर्यंत कुणी खटक्याला हात लावायचा नाही. हे शोधून काढलं तिनं. बू, मालसुन. नाव नीट ऐका."

मालसुन तेव्हा खालच्या रस्त्यावर होती. लॅपटॉप मांडीवर घेऊन पहिल्या पॉलिहाउसच्या पायरीवर बसली होती. आपलं नाव कर्ण्यातून येतं आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. ज्या नावाने बापाने मुली पुरे म्हणून देवांना बजावलं होतं, ते नाव आता बागांवरून घुमत चाललं होतं, आणि उतारावर ठिकठिकाणी दारं उघडून माणसं हातात टॉर्च घेऊन बाहेर पडत होती. तिने मफलरने तोंड पुसलं. आईचं आठवलं. आईच्या बाबतीत कुठल्या बादलीत कुठली तार बुडवून काही सिद्ध करता आलं नव्हतं. तिथलं विसरणं खरंच होतं.  मग ती कामाला लागली.

त्या रात्री गारठा समुद्रापर्यंत उतरला. गावातल्या एकाही छताची झडप उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या एका पॉलिहाउसचं काम करून मालसुन परतताना चुनवलच्या बागेत डोकावली. शिडीवर म्हातारी होती, हातात छाटणीची कात्री. खाली सुंगपिल क्रेट धरून उभा होता. ऑफिसचे बूट चिखलात, गळ्यात आईचा फुलाफुलांचा स्कार्फ. चुनवल एकेक फळ देठाशी अंगठ्याने दाबून बघत होती. "हे गेलं." कट्. "हे आहे, राहू दे." पुढे. "हे गेलं."

मालसुनला कुणी पाहिलं नव्हतं. ती दारातच थांबली.

सुंगपिलने आईने 'गेलं' म्हणून क्रेटमध्ये टाकलेलं एक फळ उचललं. वरून चांगलं टवटवीत, केशरी होतं. त्याने ते आईकडे बघत सोललं, फोड काढून तोंडात घातली आणि चेहरा वाकडा केला. फोड आतून पाणचट, कडवट झाली होती. आईचा अंगठा चुकला नव्हता.

"काय रे?" चुनवलने वरून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि तिला फार वाकावं लागू नये म्हणून क्रेट थोडं वर उचलून धरलं.